एरंडेलाचा रविवार

आमच्या खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये महिन्याचा पहिला रविवार एरंडेलाचा. सकाळी सुंठीच्या काढ्यात दोन चमचे एरंडेल, दिवसभर मुगाची पातळ खिचडी आणि संडासासाठी नंबर. ही सासूबाईंची रीत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर एकेक गोष्ट तपासून घेतली. सुंठ मळमळीवर चालते, एरंडेल आतडं हलवतं, यावर अभ्यास झालेले आहेत. पोटदुखीला त्या ओवा देतात, त्याचं फारसं भक्कम काही सापडलं नाही. आणि नाभी सरकते वगैरे तर निव्वळ थोतांड. हे मी येईल त्याला ऐकवायची. मोठी शहाणी होते ना मी!

गेल्या वर्षी एका शनिवारी माझ्या लेकीचं बेंबीभोवती दुखायला लागलं. जेवली नाही, एकदा ओकली. रविवारी सकाळी दुखणं उजवीकडे खाली उतरलं. सासूबाई म्हणाल्या, "नाभी सरकली पोरीची. अधारतालच्या बाईला बोलाव, ते बसवून देते."

"काहीतरीच काय, आई! पोटात साचलंय. आज एरंडेल आहेच."

"दुखत्या पोटावर जुलाब नको देऊ वं माय. आम्ही कधी देत नव्हतो."

मी ऐकलं नाही. लेक रडत होती, "मम्मी, नहीं पीना." मी नाक दाबून पाजलं. हो, मीच.

दुपारभर ती कळवळत होती. चारच्या सुमारास एकदम गप्प झाली. "मम्मी, दर्द चला गया." मी तिचा पापा घेतला, ओव्हरटाइमला गेलेल्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, बघा, उतार पडला! सासूबाई तेवढ्या तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. "पोट पाट्यावानी कडक काहून झालं?" मला त्यांचा रागच आला. लेकीचा श्वास जरा भरभर वाटत होता, पण मी म्हटलं, थकली असेल.

संध्याकाळी तिचं अंग तापलं. ऑटो करून दवाखाना गाठला. डॉक्टरने विचारलं, दुखणं थांबलं कधी? चार वाजता, मी कौतुकाने सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. अपेंडिक्स तेव्हाच फुटलं होतं. एरंडेल आतडं हलवतं, हे मला पाठ होतं. पोट असं दुखत असताना ते हलवायचं नसतं, हे सासूबाईंना ठाऊक होतं.

वाचली पोर. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी दिसली, तळहात पोटावर. मी गॅस बंद केला. "काय होऊन राहिलं गं?"

तिने हात पटकन काढला. "कुछ नहीं मम्मी, ठीक हूँ," म्हणाली, आणि आजीच्या खोलीत जाऊन तिने आतून कडी लावली.