शेऱ्याचा रकाना

घरात एक माणूस ट्रायथलॉनची तयारी करू लागला की किस्से ओल्या टॉवेलांसारखे साचत जातात. वाळत घालायला जागा पुरत नाही.

आमच्याकडे हा माणूस म्हणजे आमची सून, अश्विनी. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी बघते. आमचा सलिल महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. नात ओवी दुसरीत. आणि मी, चौतीस वर्षं धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, डॉक्टरेटवाला माणूस. संत तुकाराम नगरातल्या या घरात माझं पद आहे फर्स्ट शिफ्ट.

जवळपास दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासांत. मी विचारलं, "अगं, पण एकाच दिवशी का?"

ती म्हणाली, "वेगवेगळ्या दिवशी केलं तर त्याला सुट्टी म्हणतात, बाबा."

*

तिने फ्रीजशेजारी एक वही टांगली. कंपनीत शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्यासाठी नोंद ठेवतो, तशीच. ओवी जेवली का, गृहपाठ झाला का, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. खाली सही.

पहिल्याच दिवशी ओवीने दोडक्याची भाजी नाकारली. शक्य ती सगळी कारणं मला नोंदवावीशी वाटली. तीन पानं झाली. काही सुटलं तर नाही ना, म्हणून पुन्हा वाचून एक पुरवणीही जोडली.

संध्याकाळी अश्विनी बूट न काढता, भिंतीला टेकून वाचत होती. "बाबा," ती म्हणाली, "मला शेरा हवाय. प्रबंध नको."

*

पहाटे पाचला हॉलमध्ये एका जागी उभी केलेली सायकल घरघरायला लागते. मिक्सर बरा, तो निदान थांबतो. स्क्रीनवरचा चढ आला की ती धापा टाकते, उतार आला की ऑफिसचे फोन घेते. एकदा चढावरच फोन आला. पलीकडचा साहेब घाबरून म्हणाला, "मॅडम, आपण दवाखान्यात असाल तर नंतर बोलू."

साडेसहाला ओवी शेजारी स्टूल ओढून पाठमोरी उभी राहते आणि आई सायकल चालवता चालवता तिच्या वेण्या घालते. एकदा शाळेतून चिठ्ठी आली, 'एक वेणी फार घट्ट, एक सैल. कृपया लक्ष द्यावे.' मी काळजीत पडलो.

ओवी म्हणाली, "आजोबा, ही चढावरची, ही उतारावरची."

*

रविवारी ती तळेगावच्या पुढपर्यंत सायकल मारून येते. पाच तास. मी खिडकीत. प्रत्येक ट्रकच्या हॉर्नला माझा एक ठोका चुकतो. परत आली की बुटांनी, बाटल्यांनी आणि केळ्यांच्या सालींनी हॉल भरून जातो. मी चष्मा शोधतो, हातात पोहायचा गॉगल येतो.

स्वयंपाकाच्या शेवंताबाई लातूरकडच्या. त्यांनी एकदा अश्विनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताई, एवढ्या लांब गेलात अन् रिकाम्या हातानं आलात व्हय? निदान कोथिंबीर तरी आणायची."

*

अश्विनीची कंपनीतली ख्याती अशी की ती डेव्हिएशनवर सही करत नाही. म्हणजे, एखादा पार्ट ड्रॉइंगपेक्षा किंचित वेगळा झाला, पण चालण्यासारखा असला, तर 'फरक मान्य' म्हणून क्वालिटीची सही लागते. ती हिच्याकडून मिळत नाही.

एका रविवारी भोसरीचे एक सप्लायर कापडी पिशवीत पार्ट घेऊन थेट घरी आले. ती नुकतीच पोहून आलेली, डोक्याला टॉवेल. "मॅडम, केसाएवढा फरक आहे हो."

"आज केस, उद्या वेणी," ती म्हणाली.

ते माझ्याकडे वळले, "सर, तुम्ही तरी सांगा." मी पार्ट हातात घेतला. तो चालला असता, असं मला अजूनही वाटतं. मी म्हणालो, "चहा घ्या."

*

आता माझा किस्सा. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती निघाली. दुपारी माझ्या छातीत कळ आली. मी फोन केला. ती घाटातून परत फिरली. ईसीजी निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, काल काय खाल्लंत?"

वाटाण्याची उसळ.

वर्षभराची तयारी उसळीत गेली. घरी आल्यावर वहीच्या पहिल्या पानावर अश्विनीने लाल शाईने लिहिलं, 'काहीही झालं तरी लगेच फोन करायचा.' ती खरंच काळजीने म्हणत होती. मला मात्र ते पान वर्षभर टोचत राहिलं.

*

या वर्षी सलिल तिच्याबरोबर गेला. घरी मी आणि ओवी. सात वाजता अश्विनी पाण्यात उतरली असणार. साडेदहाला पार्किंगमध्ये ओवी सायकलवरून पडली. हनुवटी फाटली. फ्रॉकभर रक्त.

मी फोन काढला. सलिलचा नंबर समोर होता.

ओवीने हुंदका गिळला. "आजोबा, आईचं आत्ता काय चालू असेल?"

"सायकल."

"मग राहू दे."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके पडले. तिने माझा हात धरला होता. डॉक्टरांनी पाणी मला दिलं.

दुपारी साडेतीनला सलिलचा फोन आला. नऊ मिनिटं राखून पूर्ण केलं! "घरी सगळं ठीक ना?" मी ठीक म्हणालो. मग वही उघडली. चार वेळा पेन उचललं, चार वेळा खाली ठेवलं. आपण शहाणपणा केला की गुन्हा, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत आत आली. गळ्यात मेडल. ओवीच्या हनुवटीवरची पट्टी पाहिली. तिला जवळ ओढून पट्टीची कड हलकेच उचलली, टाके मोजले, पट्टी परत नीट बसवली. मग माझ्याकडे पाहिलं आणि फ्रीजशी गेली.

शेऱ्याच्या रकान्यात माझी एकच ओळ होती. 'हनुवटीला तीन टाके. फोन केला नाही.'

मी तोंडी परीक्षेच्या विद्यार्थ्यासारखा उभा होतो. तिने पहिलं, लाल शाईचं पान उलटून पाहिलं. परत त्या ओळीवर आली. पर्समधून कंपनीचं पेन काढलं आणि खाली लिहिलं,

'डेव्हिएशन मंजूर. फक्त या वेळेपुरतं.'

आणि सही केली.