‘हो जी’ची कबुली

मी चौथी नापास. पण चोर कोण आणि आजारी कोण, एवढं मला कळतं. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या कचेऱ्यांतली अक्कलही तिकडेच गेली असावी.

माझ्या धाकट्या भावाचं डोकं विशीतच बिघडलं होतं. आईनं त्याला एकच शिकवून ठेवलं, कोणी खेकसलं तर ‘हो जी’ म्हणायचं, म्हणजे मार बसत नाही.

एक दिवस त्यानं भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानातून पाण्याचा पितळी गुंड उचलला, पूल ओलांडून कारध्याला गेला, वैनगंगेत भरला आणि डोक्यावर घेऊन दुकानाकडे परत निघाला. वाटेतच धरला. भरलेला गुंड परत आणणारा चोर मी तरी पाहिला नाही. हवालदारानं पाहिला.

"चोरी केली?"

"हो जी."

झाला कागद तयार.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"हो जी."

मी उठलो. "साहेब, त्याले हेबी विचारा, गोसीखुर्दचं धरण तूनंच बांधलं का?"

"ओ काका, बसा खाली," शिपाई ओरडला.

"नाही बसत. पहिले विचारा."

साहेबांनी विचारलं. "हो जी," भाऊ म्हणाला. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. कबुली बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं, नागपूरला डोक्याच्या डॉक्टरकडून तपासून आणा.

मी छाती फुगवून घरी आलो. पण न्यायला पोलीस लागतात, आणि पोलीस कधी मंत्र्याच्या बंदोबस्तात, कधी गणपतीच्या. धान रोवून कापून झाला, तरी भाऊ जेलातच. दर सोमवारी मी जेलाच्या खिडकीवर जायचो. आतला बाबू म्हणायचा,

"काहून घाई करता बाबाजी? पागलच तर आहे. त्याले काय समजते?"

"समजत नाही, तं कबुली कायले घेतली?"

तो पुढच्या माणसाला हाक मारायचा.

शेवटी डॉक्टरचा कागद आला, केस सुटली. घरी आणला तर त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं.

"जेलात मारलं का रे तुले?"

"हो जी."

मी उलटं विचारलं, "कोणी नाही मारलं ना?"

"हो जी."

तरी तक्रार लिहून ठाण्यात नेली. तोच हवालदार. वाचून हसला. "काका, तुमचा भाऊ तं धरणबी बांधते ना?"

कागद त्याच्या टेबलावर तसाच ठेवून आलो. तक्रार परत घ्यायला गेलो नाही, जाणारही नाही.