गडगेवाल्या पाप्याचं तोंड

मी परांचीवर उभा राहून यमदूताच्या मिशीला पीळ देत होतो, तेवढ्यात खालून तात्यांनी फर्मावलं, भिंत पुसून टाका. अंगणात चुना भिजत घातलेला. जत्रा तोंडावर आलेली. पाऊस सरल्यापासूनची माझी मेहनत चुन्याखाली जाणार होती.

तात्या म्हणजे देवस्थान कमिटीचे अध्यक्ष, मुंबईची नोकरी संपवून कोकणात मिठबावच्या बाजूला आपल्या गावी परतलेले. साल साठच्या आसपासचं. देवळाच्या भिंतीवर नरक काढायची ऑर्डर त्यांचीच. मी नेहमीचा नरक काढणार होतो: एक कढई, उकळतं तेल, आत सगळे पापी.

"सगळ्यांका एकाच कढयेत तळलात तर कोणाक काय कळतला?" तात्या म्हणाले होते. "जसा पाप तशी शिक्षा व्हयी. आणि गडगो सारणारो पयलो काढा."

गडगा म्हणजे दोन वाड्यांमधली चिऱ्यांची बुटकी भिंत. कोणी बघत नसताना ती हातभर पलीकडे सरकवणं हा आमच्याकडचा जुना उद्योग. तात्यांचा रोख शेजारच्या बाबलवर होता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मग मीही हात आखडता घेतला नाही. दुधात पाणी घालणारा पिंपात बुडवला. चहाडखोराच्या जिभेला कुर्ली, म्हणजे खेकडी, लावली. गडगेवाला चिरे रचतोय आणि रचलेला गडगा पुन्हा पुन्हा त्याच्याच पायावर कोसळतोय, असा काढला. इतकं मनापासून काम मी कधी केलं नव्हतं.

आदल्या दिवशी बाबल शहाळं घेऊन आला होता. गडगेवाल्याचं नाक जरा बारीक होईल का, म्हणून हळूच विचारत होता. ऑइल पेंट सुकला की नाक हलत नाही, असं सांगून मी शहाळं पिऊन टाकलं.

आता तात्यांनी कमिटी गोळा केली. पेंटरने बदनामी केली, एवढंच ते म्हणत होते. कोणाची, ते सांगेनात. शेवटी कोणीतरी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी गडगेवाल्याकडे बोट दाखवलं.

"ह्या माझा तोंड."

बाबल ताडकन उठला. "तुमचा कसा? तो मी आसंय. गडगो तर मी सारलंय."

"तू कधी सारलंस? मी सारलंय," तात्या बोलून गेले.

मी पिशवीतून दाढीचा आरसा काढून चित्राशेजारी धरला आणि त्यात बघत उभा राहिलो. ज्याला बघून चित्र काढतात त्याला आमच्या धंद्यात मॉडेल म्हणतात. गावातला चेहरा घेतला तर मारामारी होईल, म्हणून मी माझाच घेतला होता. माझी तर त्या गावात वीतभरही जमीन नव्हती.

लोक हसून हसून बेजार झाले. मग सगळे मिळून गडगा बघायला गेले. हद्दीचा जुना दगड उकरून काढला, तर गडगा बरोबर त्याच्यावरच उभा. एकाने तिकडे सरकवायचा, दुसऱ्याने गुपचूप परत आणायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. दोघांनी पाप केलं आणि पदरात चिमूटभर माती पडली नाही.

भिंत वाचली. चुना तात्यांनी आपल्या घराला लावला. मी मात्र तेव्हापासून पापी पाठमोरेच काढतो. तरी मागच्या जत्रेत एक गृहस्थ बाजूला घेऊन म्हणालेच, "पेंटरानू, ती पाठ जरा बदला."