सेव्ह म्हणजे वाचवणं ना?

ऑफिसात त्याला सगळे अंधारे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं. पण सुट्टीच्या दिवशी हा माणूस न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून स्वतःला आत कोंडून घेतो, हे एकदा फुटल्यावर खऱ्या आडनावाला कोण विचारतं? नव्यानं लागलेल्या एका कारकुनानं तर बढतीच्या पत्रावरसुद्धा 'श्री. अंधारे' असंच टाइप केलं. साहेबानं वाचलं, गालातल्या गालात हसला आणि सही ठोकून मोकळा झाला. ते पत्र दुरुस्त करून घेण्यात अंधारेचे सहा महिने गेले.

नोकरी वजनमापं तपासण्याची. दुकानोदुकानी फिरायचं, तराजूच्या पारड्याखाली कुणी मेणाचा गोळा चिकटवलाय का ते चाचपायचं, आपल्या पेटीतल्या पितळी वजनांशी दुकानदाराची वजनं ताडून बघायची. नजर अशी बारीक की दुकानदार त्याला लांबून येताना बघूनच पारडी पुसायला घेत.

आणि छंद हा असा. बादल्या बाहेर, आत एक फळी, फळीवर तीन ट्रे, कोपऱ्यात निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारा एन्लार्जर, वर लाल दिवा. पहिल्या ट्रेमध्ये कोरा कागद सोडला की त्याच्यावर हळूहळू भिंत उमटायची, जिना उमटायचा, कुणाची तरी पाठ उमटायची. बाहेर बायको टॉवेल घेऊन उभी.

"अहो, फोटोंना तीन-तीनदा पाण्यातून काढताय. पोरीला एकदा तरी अंघोळ मिळू दे."

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. तेवढ्यात पोर वयात यायची."

प्रिंट फसली तर अंधारे शांतपणे फाडायचा आणि दुसरा कागद घ्यायचा. चेहरा काळवंडला, तर तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल चकती चिकटवून ती दिव्याच्या उजेडात चेहऱ्यावर हलवत राहायची, म्हणजे तेवढा भाग उजळ निघतो. एका फोटोवर सहा-सात कागद सहज जायचे. त्याची फिकीर नव्हती. "निगेटिव्ह आहे ना," हे त्याचं पालुपद. दूध उतू गेलं, पोरीला गणितात कमी पडले, बायकोशी वाजलं, तरी हेच. बायको म्हणायची, "ह्यांचं डोकं फिल्मच्या डबीत ठेवलेलं असतं."

ती स्वतः कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाचा कोट आत घ्यायचा, कुणाची पँट सोडायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळं तिचं बोलणंही टोचरं, असं अंधारे म्हणायचा. यात थोडं तथ्य होतं.

मग कागद मिळेनासा झाला. फोटोचं सामान विकणाऱ्यानं एक खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, हे शेवटचं. कंपनीनं हात वर केले."

"मग मी काय करू?"

"सगळे काय करतात? कॉम्प्युटर."

ते खोकं अंधारेनं वर्षभर पुरवलं. तोवर तो रिटायर झाला होता. मुलीचं लग्न होऊन ती परगावी गेली होती. तिनं आणि जावयानं मिळून त्याला कॉम्प्युटर आणून दिला, वर डिजिटल कॅमेरा. त्याच दिवशी बायकोनं न्हाणीघराचा काळा कागद टराटरा फाडला आणि तीन दिवस फरशी घासली. शेजारणीला सांगितलं, "तीस वर्षांनी उजेडात अंघोळ केली. मला वाटायचं माझ्या अंगाचाच रंग गेला की काय."

जावयानं दोन सुट्ट्या बसून सासऱ्याला शिकवलं. अंधारेनं वहीत क्रमांक घालून सगळं लिहून घेतलं, ऑफिसातल्या परिपत्रकासारखं.

"बाबा, एक लक्षात ठेवा. सारखं सेव्ह करत जायचं. मध्येच लाइट गेली तर केलेलं सगळं वाया."

"सेव्ह म्हणजे वाचवणं ना?"

"तेच."

वहीच्या सातव्या पानावर त्यानं लिहिलं, 'सेव्ह करणे. विसरू नये.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्याला त्या यंत्राचा राग आला होता. हाताला ओल नाही, नाकाला वास नाही, कसली आलीय फोटोग्राफी? पण एक दिवस त्या पडद्याच्या कडेला, बोटाच्या नखाएवढ्या चित्रांच्या रांगेत त्याला एक चित्र दिसलं. काडी आणि काडीच्या टोकाला गोल चकती. चेहरा उजळायचं हत्यार. त्याचीच तार, त्याचाच पुठ्ठा. अंधारे खुर्चीतून उठून दोन चकरा मारून आला. म्हणजे हे यंत्र बनवणाराही कधीतरी कुठल्यातरी न्हाणीघरात उभा राहिलेला होता. त्या दिवसापासून त्याचं कॉम्प्युटरशी जमलं. डार्करूमच आहे ही, फक्त दिवा लावलेली, असं तो म्हणायला लागला. आणि डार्करूम आहे म्हटल्यावर निगेटिव्हही असणारच. पडद्यावर दिसते ती प्रिंट. निगेटिव्ह आत कुठंतरी. कॅमेऱ्यातलं कार्ड म्हणजे फिल्म धुवायची टाकी. काम झालं की रिकामी करून धुऊन ठेवायची, पुढच्या खेपेला तयार. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. जे आपल्याला येतं ते कोण विचारत बसतं?

बायकोच्या डाव्या कानाखाली गाठ आली ती त्याच साली. लिंबाएवढी झाल्यावर तिनं डॉक्टर गाठला. सर्जन म्हणाला, "गाठ साधी आहे, घाबरू नका. पण चेहरा हलवणारी नस तिच्यामधून जाते. नसेला धक्का लागला तर तोंड एका बाजूला ओघळू शकतं. आधीच सांगून ठेवतो."

घरी आल्यावर ती बराच वेळ आरशासमोर उभी होती. मग म्हणाली, "माझा एक फोटो काढा."

अंधारेनं मान वर केली. लग्नातला एक फोटो होता, त्यात ती बावीस वर्षांची आणि कुणाच्यातरी खांद्यामागं अर्धी. एक ओळखपत्रावरचा होता. तो बघून ती म्हणायची की पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते. फोन तेव्हा नुसते बोलायचे. ज्या घरात तीस वर्षं फोटो धुतले गेले, त्या घरात तिचा असा एकही नव्हता.

"आहे तसा काढा. गाठीसकट. पुढं तोंड कसं राहील कोण जाणे. मला माझं मूळचं तोंड बघायला मिळालं पाहिजे."

"काढू की."

"काढू की नाही. उद्याच काढा. परवा मला भरती व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी खिडकीशी खुर्ची ठेवली. त्यानं तिला चाळीस वेळा टिपलं. डावीकडं सरक, हनुवटी खाली, उजेड जातोय. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अहो, मी पिशवीतला बटाटा नाही, अर्धा किलो भरतोय का बघायला," आणि आपल्याच बोलण्यावर हसली. तोंड उघडून, दात दाखवून, डोळे बारीक करून. ते हसू बरोबर सापडलं. त्यानं तो एक फोटो कॉम्प्युटरवर घेतला, बाकीचे एकोणचाळीस बिनकामाचे ठरवले आणि कार्ड रिकामं केलं. टाकी धुतली.

ऑपरेशन चार तास चाललं. बाहेर अंधारेला बसवेना. कॅमेरा बरोबर होता. जिन्याच्या कठड्याच्या सावल्या भिंतीवर फार सुरेख पडल्या होत्या, आणि ऊन सरकेल तशा त्या वाकत होत्या. त्यानं दोनशेच्या वर फोटो काढले. नर्स आली तेव्हा तो गुडघ्यावर बसला होता. तिला वाटलं, प्रार्थना करतोय.

सर्जन म्हणाला, "गाठ पूर्ण निघाली. नस वाचवायचा प्रयत्न केला. बघू."

आठ दिवस ती तिथं होती. भेटायची वेळ चार ते सहा. सकाळभर अंधारे कॉम्प्युटरपुढं. पहिल्या दिवशी त्यानं फोटोतली गाठ काढली. खरीच निघाली आहे तर फोटोत कशाला, हा त्याचा हिशेब. सेव्ह. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखालचं काळं उजळलं. सेव्ह. मग कपाळाच्या आठ्या, मग गळ्यावरचं सैल पडलेलं. हसताना एक दात पुढं डोकवायचा, वाकडा. तो ओळीत आणून बसवला. सेव्ह, सेव्ह. डार्करूममध्ये ज्याला सहा महिने लागले असते ते आठ सकाळींत झालं. पट्टी बांधलेल्या बायकोला तो रोज सांगायचा, "तुझ्यासाठी काहीतरी करतोय. बघच तू."

पट्टी सुटली तेव्हा डावा गाल ओघळलेला होता. डोळा पूर्ण मिटत नव्हता. पाणी प्यायला ग्लास लावला की कडेनं ओघळ यायचा, म्हणून ती चहाही रुमाल धरून प्यायची. ओठ नीट मिटत नसल्यानं फ म्हणता येईना. फोटो हा शब्द ती टाळायला लागली.

महिनाभरानं एका दुपारी तीच म्हणाली, "ते चित्र दाखवा."

अंधारेनं मोठी प्रिंट करून आणली होती, चकचकीत कागदावर. ती तिच्या मांडीवर ठेवली. ती बघत राहिली.

"कोण आहे ही?"

"कोण म्हणजे? तू."

"माझी गाठ कुठं गेली?"

"अगं, ती काढली."

"डॉक्टरनं काढली. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" तिनं बोट फोटोवरून हळूहळू नेलं, गिऱ्हाइकाच्या कपड्यावरची शिवण तपासावी तसं. "आठ्या नाहीत. दात नाही माझा. हिला मी ओळखत नाही हो. मूळचा दाखवा."

"आहे ना. आत आहे. निगेटिव्ह कुठं जातंय?"

तो गेला आणि शोधायला लागला. फाइल एकच होती. उघडली की तीच बाई हसायची, गुळगुळीत. त्यानं वही काढली, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. मग जावयाला फोन लावला.

"बाबा, सेव्ह केलंत, की सेव्ह ॲज?"

"सेव्ह. तुम्हीच सांगितलं होतंत."

"वेगळ्या नावानं नाही केलंत? बाबा, नुसतं सेव्ह म्हणजे जुन्यावर नवीन लिहिलं जातं. जुनं पुसतं."

"सेव्ह म्हणजे वाचवणं ना?"

"हो, म्हणजे, नवीन केलेलं वाचवणं. बरं, थांबा, कार्ड आहे ना? कार्डावरून पुसलेलं कधीकधी परत काढता येतं. त्याच्यावर काही नवीन काढलं नसेल तर."

अंधारेनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. "काढलंय."

"काय काढलंय?"

"कठडा."

जावई समजूतदार होता. त्यानं कार्ड मागवून घेतलं, दोन माणसांना दाखवलं. त्यांना कठड्याच्या सावल्या मिळाल्या, दोनशे चौदा.

बायकोला सांगावंच लागलं. ती ओरडली नाही. रुमालानं ओठाची कड टिपली आणि म्हणाली, "तीस वर्षं मी लोकांचं कापड हातात घेतेय. कात्री लावायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारते. माप उलटसुलट दोनदा घेते. तुम्ही मला एकदा विचारलंत?"

"मला वाटलं तुला आवडेल."

"दुकानदाराचं वजन गहूभर कमी निघालं तर सील ठोकायचात तुम्ही."

अंधारे मग इरेला पेटला. जे काढलं ते परत घालता येईल, असं त्यानं ठरवलं. तेच पडद्याच्या कडेचे ब्रश, तीच हत्यारं, फक्त उलटी चालवायची. या वेळी दर खेपेला वेगळं नाव देऊन सेव्ह करत होता. गाठ जमली, गाठ गोलच असते. डोळ्यांखालचं काळं जमलं. आठ्यांना चार दिवस लागले, आणि त्या बायकोच्या कमी आणि त्याच्या आईच्या जास्त वाटायला लागल्या. तरी चालवून घेतल्या. मग दात आला. वरचा होता हे नक्की. पुढं डोकवायचा हेही नक्की. पण डावा की उजवा?

डोळे मिटून त्यानं ती हसताना आठवून बघितली. हसू आलं, दात आला, पण बाजू येईना. एकदा डावीकडं यायचा, एकदा उजवीकडं, उलटी धरलेली निगेटिव्ह असावी तसा. आता तिच्याकडं बघून कळण्यासारखंही राहिलं नव्हतं. ऑपरेशननंतर ती त्याच्यासमोर तोंड उघडतच नव्हती. बोलताना रुमाल, खाताना पाठ.

शेवटी तो तिच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. ती कुणाच्यातरी बाहीचं अस्तर उसवत होती.

"एक विचारू? तुझा तो दात. कुठल्या बाजूचा?"

तिचा हात थांबला. रुमाल तोंडावर गेला.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"डावा?"

तिनं मांडीवरचं अस्तर सरळ केलं. त्यानं वाट बघितली. मग म्हणाला, "उजवा का?"

"समोर बसून जेवलेय मी तुमच्या. चौतीस वर्षं."

तो बाहेरच्या खोलीत गेला आणि मुलीला फोन लावला. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. तिला उत्तर माहीत होतं, तिच्या श्वासावरून ते कळत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "बाबा, हे मी नाही सांगायची. आईलाच विचारा," आणि फोन ठेवला.

आतलं मशीन बंद होतं.

"काय म्हणाली?" आतून आवाज आला, रुमालाच्या आडून.

"तुला विचार म्हणाली."

"मग विचारलंत की."

"हो."

"काय सांगितलं मी?"

"काही नाही सांगितलंस."

"बरं," ती म्हणाली, आणि मशीन सुरू झालं.