पहले पूछ, मग हलव

वहिनींचा फोन आला तेव्हा मी देवास गेटला टेम्पोत होते. "सुषमा, हे गेले गं... राम घाटावर नदीत अंघोळ करून आले, चहा मागितला, अन् बस." दिगूदादा, माझा आतेभाऊ. नानाखेड्याच्या दोन खोल्यांत आम्ही बारा वर्षं शेजारी-शेजारी बसून प्रोग्राम लिहिले. मला रडू नंतर आलं, आधी रागच आला. न सांगता जायची ही कुठली रीत?

एका इस्पितळाचा जुना प्रोग्राम आम्ही नव्याने मांडत होतो. लाखो ओळी, एकीत एक गुंतलेल्या. हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. घर बदलताना डब्यांवर चिठ्ठ्या लावतात तशा दादाने प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर खुणा लिहिल्या, हा कुठे जाणार, याच्यावर कोण अवलंबून. त्या वाचून त्याने लिहिलेलं टूल तुकडे आपोआप नव्या जागी हलवायचं. नाजूक तुकड्यांवर मात्र एकच खूण असे, 'दिगूला विचारा'. तिथे टूल थांबायचं, स्क्रीनवर प्रश्न यायचा, "विचारलं का?" दादा शेजारच्याच खुर्चीत, त्यामुळे विचारून मी कायम 'हो' लिहायचे. "पहले पूछ, मग हलव," हे त्याचं पालुपद. मी चिडायचे, "दादा, तू काय अमरपट्टा घेऊन आलायस?" तो नुसता हसायचा.

तेराव्यानंतर एकटीच कामाला बसले. औषधांच्या ॲलर्जीची सूचना देणारा तुकडा आला. विचारलं का? आता कोणाला विचारू... मी 'हो' ठोकून दिलं. तुकडा हलला, आणि चाचणीतल्या खोट्या रुग्णाला नको ते औषध बिनबोभाट मिळालं. खरा माणूस असता तर? सगळं मागे घेतलं. पुन्हा तोच प्रश्न आला. या वेळी खरं तेच लिहिलं, 'नाही'.

स्क्रीनवर ओळी उमटल्या. "मग बस, सुषमा. सांगतो. आधी औषधांच्या नावांची यादी हलव, हा तिच्या मागून. आणि खिडकी लाव, डोळ्यांवर ऊन येतंय."

ऊन खरंच येत होतं. भरदुपारी अंगावर काटा आला. त्याने उत्तरं आधीच लिहून ठेवली होती, एवढं मला कळत होतं. पण त्यांवरची तारीख तो गेला त्याच दिवसाची होती, घाटावर जायच्या आधीची वेळ. चांगला धडधाकट माणूस... त्याला काय कळलं होतं, देव जाणे.

नाजूक तुकडे एकेचाळीस होते. चाळीस हलवले. उत्तर माहीत असलं तरी दर वेळी 'नाही'च लिहिलं. ॲलर्जीची सूचना आता बरोबर येते, इस्पितळाचं काम झालं. उरलाय तो एक, कधीच्या भंगारात गेलेल्या प्रिंटरचा. कोणाच्या उपयोगाचा नाही, तरी त्यावर दादाची खूण आहे. तो हलवला की दादाचं बोलणं संपलं, आणि तेवढं माझ्याने होत नाही. रोज दुपारी टूल चालवते. ते थांबतं, "विचारलं का?" मी उठून खिडकी लावते, दादाची खुर्ची जवळ ओढते, आणि काहीच न लिहिता बसून राहते.