दादाचा लॅपटॉप बंद करता येत नाही

तारीख : फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. वेळ : सकाळी साडेदहा ते दुपारी तीन.
ठिकाण : मांजरी, दादाचा फ्लॅट, चौथा मजला, उसाच्या शेताच्या बाजूची खोली.
हजर : मी सुनंदा (वय ५२, हिंजवडीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते), माझा मोठा भाऊ - दादा, निवृत्त भूगोल शिक्षक - आणि वहिनी.
गैरहजर : मिलिंद, माझा ऑफिसमधला सहकारी. तो वारला त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचून “नीट तपासलंत का?” असं विचारणाऱ्यांपैकी मी एक. म्हणून काय तपासलं, तेही लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी दादाला पक्षाघाताचा मोठा झटका आला. बोलणं गेलं, हातपाय गेले. शाबूत राहिलं डोकं, पापण्या आणि उजव्या गालाची जेमतेम जाणवणारी हालचाल. बाजारातली यंत्रं ती हालचाल पकडेनात. मिलिंदने मग काडेपेटीएवढी एक डबी स्वतः तयार केली. डबीला जोडलेली पट्टी गालाला लावायची, लॅपटॉपवर अक्षरं सरकत राहतात, हवं त्या अक्षरावर दादा गाल हलवतो, आणि पूर्ण झालेलं वाक्य लॅपटॉप मोठ्याने बोलतो. ती डबी ओळखणारा भाग मिलिंदने थेट कर्नलमध्ये घातला होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा... यंत्र आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्या मधला. साध्या, तयार मिळणाऱ्या कर्नलला ती डबी दिसतच नाही.

“मिलिंदकडून कर्नलचं सगळं समजून घेणे” - हे माझ्या यादीत दोन वर्षं होतं. एकदा यादीत लिहिलं की काम निम्मं झाल्यासारखं वाटतं मला. मिलिंद गेला तेव्हाही ते यादीतच होतं.

त्या आठवड्यात बुधवारी जुन्या लॅपटॉपची डिस्क गेली. दादा तीन दिवस मुका. वहिनी अक्षरांचा तक्ता घेऊन बसायच्या. “क-च्या ओळीत? च-च्या? ट-च्या?” दादाने पापणी मिटली की थांबायचं. “पाठ दुखते” एवढं सांगायला त्याला दहा मिनिटं लागली, आणि सांगून होईपर्यंत वहिनींच्या डोळ्यांत पाणी.

माझ्याकडे होता नवा लॅपटॉप, आणि मिलिंदने केलेल्या बदलांची एक फाईल - चार वर्षं जुनी. नव्या कर्नलमध्ये ते बदल घालायचे, कर्नल तयार करायचा, बसवायचा, रीस्टार्ट करायचा. सकाळी पहिला प्रयत्न केला. लॅपटॉप सुरू झाला, डबीचा दिवा लागला नाही. दुसरा प्रयत्न - तेच. दादा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

“अगं, तुझा तो गाभा शिजला का?” वहिनी दारातून म्हणाल्या. “माझा भात तरी शिजलाय. ये जेवायला.”

मिलिंदच्या फाईलमध्ये आणखी थोडे फेरफार करून मी पावणेएकला तिसरा प्रयत्न सुरू केला. तिन्ही कामं एकाच ओळीत जोडून दिली - तयार झाला तरच बसव, बसला तरच रीस्टार्ट कर. मध्ये चूक निघाली तर यंत्र तिथेच थांबतं. पट्टी दादाच्या गालावरच ठेवली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवायला बसलो. दादाला वहिनींनी आधीच भरवलं होतं.

सव्वाच्या सुमारास आतून आवाज आला. “कढी. एकट्याच. संपवताय.”

वहिनींच्या हातातलं भांडं पडलं. आम्ही धावलो. डबीचा हिरवा दिवा लागलेला. दादाचा गाल हलत होता, अक्षरं पडत होती... आणि तो जुन्या यंत्रापेक्षा वेगाने बोलत होता. वहिनी खाली बसून रडल्या. दादा म्हणाला, “रडणं नंतर. आधी कूस बदल.”

हे सगळं ठीक होतं. मग मी माझी यादी पुढे नेली.

कर्नलवर शिक्का असतो - कोणी तयार केला, कुठल्या कॉम्प्युटरवर, कितव्यांदा, किती वाजता. तो मी वहीत उतरवून ठेवते. माझं नाव आणि क्रमांक तीन असायला हवा होता. पडद्यावर होतं : मिलिंद. कॉम्प्युटरचं नाव : टेकडी. क्रमांक : एक्केचाळीस. वेळ : आजचीच, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

“टेकडी” हा मिलिंदचा घरचा कॉम्प्युटर. मी लगेच त्याच्या बायकोला फोन केला. “अहो ताई, तो दिवाळीआधीच भंगारात दिला,” ती म्हणाली. “का? काही हवं होतं का त्यातलं?” मी नाही म्हटलं. काय सांगणार?

मग तपासणी. माझा तिसरा प्रयत्न बारा बावन्नलाच चूक निघून थांबला होता, तशी नोंद आहे. म्हणजे तो कर्नल तयारच झाला नव्हता. मग रीस्टार्ट कोणी केलं? डिस्कवर जी फाईल आहे ती माझ्या दुसऱ्या प्रयत्नाची - माझं नाव, क्रमांक दोन, डबी न ओळखणारी. पेनड्राइव्ह लावलेला नव्हता. वायफाय मी बंद ठेवलं होतं. जे चालू होतं - आणि आजही आहे - ते डिस्कवर कुठेच नाही. ते फक्त मेमरीत आहे, आणि यंत्र बंद झालं की मेमरी पुसली जाते.

सोमवारी ऑफिसमधला माझा एक तरबेज सहकारी दादाच्या घरी आला. येताना म्हणाला, “मॅडम, तुम्ही काहीतरी चुकीचं वाचलं असणार.” दोन तास बसला. मेमरीतून कर्नल काढून दुसऱ्या लॅपटॉपवर चालवायचा प्रयत्न केला, तो सुरूच झाला नाही. जाताना चहा तसाच ठेवून गेला. परवा मी विषय काढला तर म्हणाला, “राहू दे ना, चालतंय ना?”

दादाला मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ अक्षरं जुळवत होता. मग लॅपटॉप बोलला - “मिलिंद. इतका. वेळेवर. कधीच. आला. नाही.”

तेव्हापासून लॅपटॉप एकदाही बंद केलेला नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. बटणावर वहिनींनी चिकटपट्टी लावून वर लिहिलंय - “हे बटण शोभेचे आहे. हात लावू नये.” त्या खोलीत झाडू त्या स्वतः मारतात. मी रोज संध्याकाळी मिलिंदची फाईल घेऊन बसते. आतापर्यंत सव्वीस कर्नल तयार केले, दुसऱ्या लॅपटॉपवर. एकालाही डबी दिसत नाही.

गेल्या आठवड्यापासून पंखा घरघरतोय. पंखा बदलायचा तर लॅपटॉप बंद करावा लागेल. परवा दादाने विचारलं, “किती. दिवस. टिकेल.” मी म्हटलं, बघते. तो म्हणाला, “करून. टाक. बंद. तुझी. यादी. अडलीय.”

वहिनी म्हणाल्या, “खबरदार.”

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आता ते शोधण्याचीही भीती वाटते. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, पण आधी वरचं सगळं नीट वाचा.

त्या शनिवारच्या यादीतली तेरा कामं झाली.

१४. रीस्टार्ट करून डबी पुन्हा तपासणे - बाकी.