दोनच डिस्कचं मशीन

तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, केस डब्यातल्या रंगानं काळेभोर, आणि अख्ख्या चंद्रपुरात कॉम्प्युटर मलाच कळतो असा ठाम समज. आज नातीपुढं त्या बाईची मी यथेच्छ टिंगल करते. ती टिंगल गोष्टीच्या शेवटापर्यंत टिकत नाही.

जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो आमच्या वनखात्याच्या ऑफिसात साठत. पाच जुनी मशीनं जोडून क्लस्टर, म्हणजे फोटोंचं एकच मोठं कोठार, केलं होतं. चौघांना फोटोंसाठी चार-चार डिस्क, भद्रावतीहून आलेल्या पाचव्याला दोनच. फोटो कुठल्या डिस्कवर ठेवायचे, ती यादी त्याला वेगळी द्यायला हवी होती. मी पंगतीत वाढावं तशी एकच यादी सगळ्यांना वाढली. पाचवं कुरकुरलं, 'डिस्क तीन, डिस्क चार सापडत नाही.' मी त्याच नावांचे दोन रिकामे फोल्डर करून दिले. कुरकुर थांबली. बाईसाहेबांनी खुशीत चहा मागवला!

ते फोल्डर, मशीन स्वतः ज्या वेगळ्या छोट्या डिस्कवर चालतं, तिच्याच पोटात होते. पोट भरलं, आणि पुढचे फोटो अर्धवटच उतरले.

तेंदूच्या हंगामात चामोर्शीकडं पानं तोडायला गेलेली एक बाई वाघिणीनं मारली. त्या भागात वाघिणी दोन, त्यातली एक पिल्लांची. कोणती पकडायची ते पट्ट्यांवरून ठरणार होतं. वनरक्षक धावत आला.

"बाई, थ्या जागेजवळच्या नाल्यावरच्या कॅमेऱ्याचे फोटो दाखवा."

उघडले. वर दोन कान, खाली नुसता राखाडी रंग.

"पट्टे कुठी हायेत?"

"कार्डात असतील ना, भाऊ?"

"कार्ड तं तुमीच पुसून देता बाई, परत जंगलात लावाले."

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. तोंडातून निघालं, "कॅमेरा उन्हानं बिघडला असेल."

"तुमी म्हणता म्हणजे तसंच असन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या मशीनची यादी गुपचूप सुधारली. तिकडं पिंजऱ्यात एक वाघीण सापडली. बाईला मारणारी तीच होती की दुसरी, कोणालाच सांगता आलं नाही.

"आजी, खरं काऊन नाई सांगतलं?" नात विचारते. मी तिला पोहे खा म्हणते.

तो वनरक्षक आता रिटायर झालाय. परवा बाजारात भेटला, आणि दरवेळचंच विचारलं, "बाई, थो कॅमेरा मी सावलीत बांधाले पायजे होता का हो?"

मी म्हणाले, "गुडघे कसे आहेत, भाऊ?"